‘येस’च्या अलीकडच्या दहा ओळी

इंदूरहून उज्जैनला निघालं की वाटेत सांवेर लागतं. तहसिलीचं गाव. त्यामुळे कचेरीच्या आसपास एमपी ऑनलाइनचे फलक, झेरॉक्सची यंत्रं, ताबडतोब पासपोर्ट फोटो, आणि ‘समग्र ई-केवायसी यहाँ होती है’ अशा हाताने रंगवलेल्या पाट्या. अशा दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर, रिसायकल बिन आणि देवाच्या फोटोच्या मधे कुठेतरी, दोन दातेरी चाकांचं चित्र असलेली एक बॅच फाइल असते. नाव ‘आरडी स्टार्ट’, ‘फिंगर चालू’, नाहीतर नुसतं ‘न्यू १’. शटर वर गेलं, उदबत्ती लागली, की तिच्यावर दोनदा क्लिक होतं. पडदा काळवंडतो, एक चौकट काहीतरी विचारते, दुकानदार न वाचता ‘येस’ दाबतो आणि दिवस सुरू होतो.

ही फाइल कुणी लिहिली ते कुणालाच सांगता येत नाही. यंत्र बसवायला आलेल्या एखाद्या मुलाने ती ठेवलेली असते. पेनड्राइव्हवरून ती दुसऱ्या दुकानात जाते. तिथे कुणी एक ओळ घालतो, कुणी काढतो. नोटपॅडमध्ये उघडली तर जेमतेम दहा ओळी. पण चांगली फाइल असेल तर त्या दहा ओळींत जी जाण दिसते, ती पुष्कळ मोठ्या सॉफ्टवेअरांत दिसत नाही. विंडोजने पहारा बसवला आहे हे तिला ठाऊक असतं, आणि पहाऱ्याला चुकवून जायचं नाही हेही. या समजुतीचा मला मोह पडतो.

तिचं काम काय, ते आधी सांगायला हवं. बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र यूएसबीला जोडलेलं असतं. आधारच्या नियमाप्रमाणे तो ठसा सरळ वेबपानाच्या हाती पडत नाही. मधे ‘आरडी सर्व्हिस’ नावाची एक सेवा पार्श्वभूमीला चालते, ती ठसा कुलूपबंद करूनच पुढे देते. वेबपान तिला संगणकाच्या आतच हाक मारतं. १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० या पोर्टांची दारं एकेक वाजवत ते ती कुठे बसली आहे ते शोधतं. वायर हलली, यंत्र दुसऱ्या खाचेत गेलं, की ही सेवा कधी कधी गप्प होते. मग ती थांबवून पुन्हा सुरू करायची. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये मध्य प्रदेश सरकारच्या लाडली बहना योजनेचे अर्ज भरले जात होते, तेव्हा आधी ‘समग्र’ या राज्याच्याच ओळख-क्रमांकाची ई-केवायसी करून घ्यायला बायकांच्या रांगा लागत. त्या काळात सेवा दोन मिनिटं बंद पडणं म्हणजे काय, हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना चांगलं समजलेलं आहे.

आता अडचण अशी, की विंडोजमधली सेवा थांबवायचा नि चालू करायचा हक्क साधारणपणे ॲडमिनिस्ट्रेटरलाच असतो. आणि दुकानदार म्हणतो, ‘अहो, ॲडमिनिस्ट्रेटर मीच ना! मशीन माझं, पासवर्ड माझा.’ तो खोटं बोलत नाही. तरीही त्याने नुसती आज्ञा दिली तर विंडोज पाच नंबरची चूक दाखवतं: प्रवेश नाकारला. चांगल्या बॅच फाइलची सुरुवात नेमकी या पेचाच्या ठिकाणी होते.

पहिली ओळ ‘एको ऑफ’. आपण काय करतोय ते बडबडू नको, एवढंच. तिच्यावर थांबायला नको. खरी गंमत दुसऱ्या ओळीत आहे. तिथे ‘नेट सेशन’ ही आज्ञा लिहिलेली असते. या आज्ञेचं खरं काम वेगळंच: नेटवर्कवरून आपल्या संगणकाला कोण कोण जोडलेलं आहे, त्याची यादी दाखवणं. सांवेरच्या त्या दुकानात कुणीच जोडलेलं नसतं आणि यादी कुणाला नकोही असते. म्हणून ओळीच्या शेवटी उत्तर आणि चूक दोन्ही ‘नल’कडे, म्हणजे शून्यात, वळवून दिलेली असतात. मग आज्ञा दिलीच कशाला? कारण ही यादी फक्त ॲडमिनिस्ट्रेटरलाच मिळते. इतरांना नकार मिळतो, आणि नकाराचा एक आकडा मागे उरतो. फाइलला हवा असतो तो एवढा आकडाच. आपल्या हाती आत्ता अधिकार आहे की नाही, हे कुणाला न विचारता, काहीही न बिघडवता, एका निरुपद्रवी प्रश्नाच्या नकारावरून ओळखायचं. पहिल्यांदा ही ओळ नीट समजली तेव्हा मी मनापासून वाहवा दिली.

जाणकार मात्र इथेही एक बोट ठेवतो. ‘नेट सेशन’ला विंडोजची ‘सर्व्हर’ नावाची सेवा चालू लागते. कुणी ती बंद करून ठेवली असेल, तर खरोखरचा ॲडमिनिस्ट्रेटरही इथे नापास होतो. फाइल पुन्हा परवानगी मागते, पुन्हा नापास होते, आणि चौकटीमागून चौकट येत राहते. म्हणून काही कसलेले हात तिथे ‘एफएलटीएमसी’ ही दुसरी आज्ञा घालतात. तिचंही मूळ काम फाइलींच्या गाळणीचे ड्रायव्हर दाखवण्याचं, तिलाही अधिकार लागतो, पण ती त्या सेवेवर अवलंबून नाही. कुठल्याही दुकानात ही फाइल उघडायला मिळाली की मी आधी हीच ओळ पाहतो. ‘एफएलटीएमसी’ दिसलं की ओळखावं, लिहिणाऱ्याला एकदा तरी ठेच लागलेली आहे.

पण मालकालाच अधिकार नाही, हे कसं? याचं उत्तर २००७ सालच्या जानेवारीत बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये आहे. त्याआधीच्या एक्सपीवर घरोघरी नि दुकानोदुकानी प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसत असे, आणि त्याने उघडलेला प्रत्येक कार्यक्रमही. गाणं वाजवणाऱ्या प्लेयरलाही विंडोजची मुळं उपटायचा हक्क. व्हिस्टाने ‘युजर अकाउंट कंट्रोल’ आणलं, आणि त्यातली सगळ्यात सुंदर कल्पना ना चौकटीत आहे ना काळोखात. ती लॉग-इनच्या क्षणी घडते, आणि दिसत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर आत आला की त्याच्या नावाची दोन ओळखपत्रं तयार होतात. एक पूर्ण अधिकारांचं, दुसरं छाटलेलं. छाटलेल्या पत्रावर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हा शिक्का पुसलेला नसतो. तो असतो, पण ‘फक्त नाकारण्यापुरता’ अशा खुणेने. एखाद्या दारावर ‘ॲडमिनिस्ट्रेटरांना मनाई’ लिहिलं असेल तर हा शिक्का लागू होतो. ‘ॲडमिनिस्ट्रेटरांना मुभा’ असेल तर लागू होत नाही. डेस्कटॉप, म्हणजे एक्सप्लोरर, या छाटलेल्या पत्रावर उभा राहतो, आणि त्यातून उघडलेलं सगळं काही तेच पत्र वारशाने घेतं. शिक्का पुसून टाकणं सोपं होतं. त्याची एकच बाजू जिवंत ठेवण्यात कारागिरी आहे.

सांवेरच्या माणसाला हे समजवायला मला दूर जावं लागत नाही. गावात उलट्या हनुमानाचं मंदिर आहे. मूर्तीचं मस्तक खाली. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पळवून नेलं तेव्हा मारुती इथूनच पाताळात शिरला, अशी श्रद्धा. त्या कथेत पाताळाच्या दारावर मकरध्वज उभा असतो, मारुतीचाच मुलगा. समोर प्रत्यक्ष बाप, आणि काम रामाचं. तरी तो अडवतो. दुकानदाराला त्याच्याच मशीनने विचारलेला प्रश्न या जातीचा आहे. आलेला कोण आहे याबद्दल पहारेकऱ्याला शंका नाही. त्याला विचारायचंय ते एवढंच, की या क्षणी, या कामासाठी, तुम्ही खरोखर आत जायचं म्हणताय ना. नात्याचा आदर ठेवून कर्तव्य सोडलं नाही, म्हणून मकरध्वज लोकांना प्रिय आहे. व्हिस्टाच्या पहारेकऱ्याच्या वाट्याला एवढं प्रेम आलं नाही. ॲपलने जाहिरातीत त्याची यथेच्छ टिंगल केली, आणि २००८ साली मायक्रोसॉफ्टच्याच एका व्यवस्थापकाने जाहीर सभेत कबूल केलं की लोकांना त्रास व्हावा हा हेतूच होता. लोक चिडले म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे कारण नसताना अधिकार मागणं थांबवतील. थोडा आडदांड डाव होता, पण लागू पडला.

परत फाइलकडे. आकडा शून्य नसेल, म्हणजे नकार मिळाला असेल, तर तिसऱ्या-चौथ्या ओळीत फाइल ‘पॉवरशेल’ या विंडोजमधल्याच दुसऱ्या आज्ञा-साधनाला हाताशी धरते आणि त्याला सांगते: अमुक फाइल ‘रन-ॲज’ या क्रियेने चालू कर. अमुक फाइल कोणती? ती स्वतःच. टक्क्याचं चिन्ह, वेलांटी घेतलेली लाट, मग एफ आणि शून्य, अशी चार अक्षरांची एक खूण बॅचच्या भाषेत आहे. तिचा अर्थ ‘माझा स्वतःचा संपूर्ण पत्ता’. फाइल कुठेही ठेवा, नाव काहीही द्या, ती स्वतःला अचूक हाक मारते. त्या खुणेभोवतीची अवतरणचिन्हंही पाहण्यासारखी: बाहेर दुहेरी, आत एकेरी. ज्याच्या संगणकात वापरणाऱ्याचं नावच मधे जागा सोडून, दोन शब्दांत लिहिलेलं आहे, त्याच्याकडे ही चिन्हं नसली तर फाइल नावाच्या पहिल्याच शब्दावर अडखळते. नवशिक्याच्या फाइलीत ती नसतात. आणि लगेच पुढची ओळ ‘एक्झिट’. दुसऱ्याला आत पाठवलं, आता आपण बाजूला व्हायचं. ही एक ओळ गाळली तर नकार मिळालेला पहिला अवतार अधिकार नसतानाच खालच्या ओळी चालवत सुटतो आणि पडद्यावर चुकांची रांग लावतो. मागणं, आणि मागून झाल्यावर वाट सोडणं, हे दोन्ही या फाइलला येतं.

आणि आता पडदा काळवंडतो. या काळोखाकडे कुणी पाहत नाही, म्हणून मुद्दाम थांबतो. तो तुमचा डेस्कटॉप नसतोच. विंडोजकडे एकाहून अधिक डेस्कटॉप असतात. एकावर आपण काम करतो, दुसरा लॉग-इनच्या पडद्यामागे राखलेला असतो, आणि त्यावर फक्त खुद्द प्रणालीच्या नावाने चालणारे कार्यक्रम येऊ शकतात. परवानगी मागितली की ‘कन्सेंट’ नावाचा छोटा कार्यक्रम तुमच्या डेस्कटॉपचा फोटो काढतो, त्यावर काळी छाया धरतो, तो फोटो या राखीव डेस्कटॉपवर पसरतो आणि त्यावर आपली चौकट मांडतो. म्हणजे मागे जे दिसतं ते चित्र असतं. याची खात्री करून घ्यायला फार सोपी जागा आहे: यूट्यूबवर भजन लावलेलं असताना ही चौकट येऊ द्या. गाणारा तोंड उघडं ठेवून थिजतो, गाणं मात्र चालूच राहतं.

हे सगळं कशासाठी? तर साध्या डेस्कटॉपवर एक कार्यक्रम दुसऱ्याच्या बटणावर खोटा क्लिक करू शकतो, माउसचा बाण सरकवू शकतो. परवानगीची चौकट तिथेच उघडली असती तर परवानगी मागणाराच स्वतःच्या हाताने ‘येस’ दाबून मोकळा झाला असता. राखीव डेस्कटॉपवर त्याचा हात पोचत नाही. कियोस्कवाल्यांना याचा अनुभव एका वेगळ्याच वाटेने येतो. इंदूर-भोपाळहून कुणी मदतनीस दूरवरून मशीन हातात घेतो, सराईतपणे माउस फिरवतो, आणि त्याचं मदतीचं सॉफ्टवेअर नुसतंच उघडलेलं असेल, सेवा म्हणून बसवलेलं नसेल, तर नेमक्या याच क्षणी आंधळा होतो. फोनवर आवाज येतो, ‘भैया, स्क्रीन पे कुछ आया होगा, येस कर दो.’ जो खुर्चीत बसला आहे त्याच्याच बोटाला इथे किंमत आहे. इतकं साधं दिसणाऱ्या काळोखात इतका नेमका विचार भरलेला आहे, हे कळल्यावर मला त्याची घाई करवत नाही.

याच प्रसंगातला एक अगदी बारीक सूर सांगतो, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दुकानदार दुसऱ्या खिडकीत कुणाचा फॉर्म भरत असताना मागे पडलेला एखादा कार्यक्रम अधिकार मागू लागला, तर पडदा काळवंडत नाही. खालच्या पट्टीत फक्त एक ढाल लुकलुकत राहते. तुम्ही तिथे गेलात की मगच प्रश्न. हातातलं टाइपिंग तोडून समोर उभं राहायचं नाही, आणि चुकून दाबलेल्या एंटरला होकार समजायचं नाही.

चौकटीतला मजकूर वाचायला बसलं की मात्र कौतुकाला एक खोच लागते. आपल्या फाइलीसाठी उघडलेल्या चौकटीवर आपल्या फाइलीचं नाव नसतं. तिथे लिहिलेलं असतं ‘विंडोज कमांड प्रोसेसर’, प्रकाशक ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज’, आणि पट्टी निळी. निळी म्हणजे सही तपासलेली. निनावी कार्यक्रमाला पिवळी मिळते. बॅच फाइल स्वतः कधीच चालत नाही, तिला वाचून चालवणारा कमांड प्रोसेसर वेगळा असतो, आणि सही त्याची आहे. म्हणून पेनड्राइव्हवरून आलेल्या, कुणी लिहिली ते ठाऊक नसलेल्या दहा ओळी मायक्रोसॉफ्टच्या निळ्या शालीत समोर येतात. चौकट खोटं बोलत नाही. ती प्रश्नच आणणाऱ्याबद्दल विचारते, आणलेल्याबद्दल नाही.

पण तिने खरं लपवलेलंही नाही. खाली ‘शो मोअर डीटेल्स’ अशी बारीक ओळ आहे. ती उघडली की कमांड प्रोसेसरच्या पत्त्यापुढे आपल्या फाइलीचा पूर्ण पत्ता दिसतो: कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात, कुठल्या नावाने. दुकानदाराने रोज वाचायची एकच ओळ निवडायची असेल तर ती ही. पत्ता डेस्कटॉपऐवजी ‘टेम्प’ फोल्डरातला निघाला, तर त्या सकाळी ‘नो’ दाबलेलं बरं. ‘नो’ दाबल्यावर तमाशा होत नाही, हेही इथलं एक सौजन्य. पॉवरशेल लाल अक्षरांत एवढंच म्हणतं की वापरणाऱ्याने काम रद्द केलं. त्या नकारालाही स्वतंत्र क्रमांक आहे, १२२३. युनिक्सच्या घराण्यातली ‘सुडो’ ही आज्ञा याच कामाची, पण वयाने मोठी; १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात जन्मलेली. यादीत नाव नसलेल्या माणसाला ती वर्षानुवर्षं थेट सुनावत असे की या प्रकाराची तक्रार नोंदवली जाईल. त्या तुलनेत १२२३ फारच सभ्य. २०२४ साली विंडोज ११ मध्येही ‘सुडो’ आली, आणि येताना तिने ही काळवंडणारी चौकट तशीच ठेवली, याचं मला बरं वाटलं.

‘येस’ झालं. नवी काळी खिडकी उघडते, तिच्या माथ्यावर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असं लिहिलेलं. आणि इथे चांगली फाइल आणि कामचलाऊ फाइल वेगळ्या पडतात. अधिकार मिळाल्यावर बॅच फाइल आपल्या फोल्डरात उभी नसते. ती ‘सिस्टिम ३२’मध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभाऱ्यात, उभी असते. ही बदललेली जागा कुठेही सांगितली जात नाही. आपल्या फाइलीला शेवटी तारीख-वेळेची एक नोंद शेजारच्या मजकूर फाइलीत लिहायची असते. जागेची जाणीव नसेल तर ती नोंद बिनबोभाट गाभाऱ्यातच लिहिली जाईल, आणि अडवणार कोणी नाही, कारण अधिकार तर आता आहेच. म्हणून अधिकार मिळाल्यावरची पहिली ओळ असते ‘सीडी’: जिथून आलो तिथे परत जा. त्यातही ‘स्लॅश डी’ ही दोन अक्षरं. ती नसली तर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर उडी बसत नाही; फोल्डर बदलल्याचा भास होतो, ड्राइव्ह तोच राहतो. सत्ता हाती येताच आधी आपल्या जागी परतणारी ही ओळ मला सगळ्या फाइलीत सर्वांत देखणी वाटते.

पुढच्या तीन ओळी कामाच्या. ‘नेट स्टॉप’, तीन सेकंदांचा थांबा, ‘नेट स्टार्ट’. ‘नेट’ला एक चांगली सवय आहे: सेवा खरोखर थांबेपर्यंत ती वाट पाहते. त्यामुळे मधला थांबा तसा फालतू. पण यूएसबीच्या यंत्राला श्वास घ्यायला तो बरा, म्हणून कुणीतरी ठेवलाय आणि कुणी काढलेला नाही. शेवटी नोंद, आणि ‘पॉज’. खिडकी आपसूक मिटू नये, काय झालं ते दुकानदाराला वाचता यावं, म्हणून.

आता थोडं फाइल येते कुठून त्याबद्दल, कारण तिथेही एक पहारा आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी लावतं, २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासूनची ही रीत. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की ही ‘क्षेत्र ३’ मधून, म्हणजे बाहेरून, आली. ती फाइलीच्या मजकुरात नसते. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर फाइलीला जोडून एक दुसरा प्रवाह ठेवता येतो, त्यात असते. म्हणून आकारात दिसत नाही, नोटपॅडमध्ये दिसत नाही. प्रॉपर्टीजमध्ये खाली ‘अनब्लॉक’ची चौकट दिसली तर समजावं, चिठ्ठी आहे. कल्पना नामी, पण आमच्याकडच्या रिवाजाने ती पार निष्प्रभ केली आहे. पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. त्यांना दुसरा प्रवाह ठाऊकच नाही. फाइल पेनड्राइव्हवर चढली की चिठ्ठी गळून पडते, आणि पुढच्या दुकानात ती घरचीच म्हणून उतरते.

पॉवरशेलच्या फाइलीची ऐट मात्र वेगळी. तिच्यावर दोनदा क्लिक करा, ती चालत नाही, नोटपॅडमध्ये उघडते. नवख्याला हा बिघाड वाटतो. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ नावाचं प्रेमपत्र जगभरच्या मेलपेट्यांत शिरलं, जोडलेल्या स्क्रिप्टवर लोकांनी दोनदा क्लिक केलं आणि हाहाकार झाला. सहा वर्षांनी आलेल्या पॉवरशेलने त्यावरून धडा घेतला: क्लिक केलं तर आधी वाचायला मिळेल. शिवाय घरगुती विंडोजवर स्क्रिप्ट चालवायलाच मुळात बंदी, आणि ती ‘बायपास’ या एका शब्दाने उठवता येते. पुष्कळ जण याला हसतात. मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलं आहे की ही तटबंदी नाही, नकळत पाऊल पडू नये म्हणून आहे. उंबरठ्याला भिंत समजून हसण्यात अर्थ नाही.

हसण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. कंटाळलेले लोक कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन पहाऱ्याची पट्टी तळाला ओढून ठेवतात: ‘कधीही विचारू नका’. विंडोज ७ ने ही चार पायऱ्यांची पट्टी दिली, आणि तिची सगळ्यात खालची पायरीच लोकांना आवडली. एका फाइलीचा त्रास वाचवायला सगळ्या फाइलींना मोकळं रान. रसिकाने यावर बोलू नये, पण ही मला निव्वळ अरसिकता वाटते.

कारण रोजचा प्रश्न टाळायचाच असेल तर विंडोजमध्ये त्याची शिस्तशीर सोय आहे. टास्क शेड्यूलरमध्ये एक काम लिहायचं, ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर खूण करायची, आणि वेळ म्हणून ‘लॉग-इनच्या वेळी’ निवडायची. हे काम नोंदवताना एकदा परवानगी द्यावी लागते, नंतर ते रोज सकाळी निमूट चालतं. पहारेकऱ्याला डोळा मारलेला नाही, त्याच्याकडून कायमचा परवाना घेतलेला आहे. फक्त परवाना कुणाच्या नावे आहे ते पाहावं. तो फाइलीच्या पत्त्याला मिळालेला असतो, मजकुराला नव्हे. फाइल डेस्कटॉपवरच पडलेली असेल तर कुठलाही साधा कार्यक्रम तिच्या पोटात एक ओळ घालून ठेवील, आणि उद्या सकाळी ती ओळ पूर्ण अधिकाराने चालेल. जाणकार म्हणून फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये नेऊन ठेवतो, तिथे लिहायलाच अधिकार लागतो, त्यामुळे फाइल आणि परवाना दोन्ही एकाच कुलपाखाली येतात. दोनशे कियोस्कांत एखाद्याने हे केलेलं दिसलं तर मी त्याला चहा पाजीन.

याच्याही पुढे जाणारा एक हात असतो, आणि माझ्या लेखी या कलेचं शिखर तिथे आहे. तो विचारतो: सगळा ॲडमिनिस्ट्रेटर कशाला हवा? हवं ते एकाच सेवेला थांबवणं नि चालू करणं. विंडोजमध्ये प्रत्येक सेवेला स्वतःची हक्काची सनद असते. ‘एससी एसडीशो’ म्हटलं की ती कंस, अर्धविराम आणि जोडाक्षरांसारख्या अक्षरजोड्यांची एक लांबलचक ओळ म्हणून समोर येते. पहिल्या नजरेला निव्वळ गचडी. पण त्यात ‘आरपी’ म्हणजे चालू करण्याचा हक्क, ‘डब्ल्यूपी’ म्हणजे थांबवण्याचा. दुकानात बसणाऱ्या साध्या खात्याच्या नावाने त्या सनदेत एक छोटा कंस वाढवायचा, त्यात स्थिती पाहण्याच्या हक्कासोबत या दोन जोड्या ठेवायच्या, आणि ‘एसडीसेट’ने ती परत बसवायची. हे एकदाच, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून. त्यानंतर खुर्चीतला मुलगा ॲडमिनिस्ट्रेटर असण्याचीच गरज उरत नाही. पडदा काळवंडत नाही, चौकट येत नाही, आणि तरी काहीही मोकळं सुटलेलं नाही. तो त्या एका सेवेपलीकडे कशालाच हात लावू शकत नाही.

फाइलीवर याचा परिणाम पाहायला मजा येते. तपासणीची ओळ गळते, स्वतःला हाक मारण्याची गळते, ‘एक्झिट’ गळतं. गाभाऱ्यात उभं राहणं संपलं म्हणून ‘सीडी’ही गळतं. उरतं ते ‘एससी स्टॉप’, थांबा, ‘एससी स्टार्ट’. आणि आता मधला तो तीन सेकंदांचा थांबा फालतू राहत नाही, कारण ‘एससी’ला ‘नेट’सारखी वाट पाहायची सवय नाही, ती निरोप देते आणि निघते. एक सावधगिरी मात्र हवी. ‘एसडीसेट’ जुनी सनद दुरुस्त करत नाही, आख्खी बदलते. एखादा कंस सुटला तर ॲडमिनिस्ट्रेटरच्याच हक्कावर गदा यायची. म्हणून ज्याला हे काम येतं तो आधी ‘एसडीशो’ची मूळ ओळ जशीच्या तशी एका मजकूर फाइलीत उतरवून ठेवतो, तिला सेवेचं नाव आणि तारीख देतो, आणि मग कंस उघडतो.